ओवी, कॅसिओ आणि लिपी

कोकणात काय किंवा घाटावर काय, खेड्यापाड्यांतून वाजवायच्या कीबोर्डला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. मग तो कोणत्याही कंपनीचा असो. पेटी ती पेटी आणि बाकी सगळा कॅसिओ. 'कळफलक' हा आपला नेटका शब्द टंकलेखन यंत्राकडे गेला, तिथून संगणकाकडे गेला आणि तिकडेच स्थायिक झाला. एकाच वस्तूच्या या दोन घरांची आठवण मला गेल्या पावसाळ्यात हिरकणीवाडीत झाली. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

हिरकणीवाडी ही महाड तालुक्यातली रायगडाच्या पायथ्याची वस्ती. गडावर जाणाऱ्या रोपवेचे खालचे स्थानक इथेच आहे, त्यामुळे येथे येणारे बहुतेक लोक वाडीकडे पाठ करून वर पाहत असतात. माझा एक विद्यार्थी या वाडीतला. मराठी विषय घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपल्या आजीच्या ओव्या घ्यायचे त्याने ठरवले होते. इथपर्यंत सगळे नेहमीचेच. फरक एवढाच की हा मुलगा वाडीच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, मुंबईच्या काकांनी त्याला आपला जुना कॅसिओ आणून दिला होता, आणि ओव्या नुसत्या उतरवून न घेता साथीसह घरच्या लॅपटॉपवर मुद्रित कराव्यात असे त्याच्या मनात होते. त्याने मला बोलावले ते मार्गदर्शक म्हणून नव्हे. मला या यंत्रांचे थोडेफार वेड आहे हे त्याला ठाऊक होते.

आधी जोडणीविषयी. कॅसिओच्या पाठीमागे चौकोनी तोंडाचे एक छिद्र होते. प्रिंटरला लागते तीच वायर त्यात बसते. वायर लावली, लॅपटॉपने कीबोर्ड ओळखला, सॉफ्टवेअरमध्ये मुद्रणाचे लाल बटण दाबले, मुलाने 'सा' वाजवला आणि पडद्यावर एक आडवी हिरवी पट्टी उमटली. ध्वनी मात्र नाही. कॅसिओच्या स्वतःच्या स्पीकरातून ऐकू येत होते तेवढेच. मुद्रित झालेले परत वाजवले की शांतता. वायर खराब असेल, असे त्याने ठरवले आणि दुसरी आणायला तो पाचाडला निघालाच होता.

वायर उत्तम होती. त्या वायरीतून ध्वनी येतच नाही, ही गोष्ट नवशिक्याला कोणी आधी सांगत नाही. कीबोर्ड आणि संगणक यांच्यात जे बोलणे होते त्याला मिडी म्हणतात. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधले इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली हा संकेत जाहीर झाला, आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. हे बोलणे फार कोरडे आहे. कळ क्रमांक ६०, दाबली, जोर ८४. कळ क्रमांक ६०, सोडली. कळांना शून्य ते १२७ असे क्रमांक, जोरालाही शून्य ते १२७ असे माप. संगणकात साठते ती ही यादी. तिला आवाज देण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एखादे वाद्य निवडून त्या पट्टीला जोडावे लागते. ते जोडले नाही तर यादी मुकी राहते.

ज्यांनी युनिकोडच्या आधी मराठी टंकन केले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपण एका फाँटमध्ये लेख लिहावा, मोठ्या हौसेने संपादकांकडे पाठवावा, त्यांच्याकडे तो फाँट नसावा आणि त्यांना आपल्या प्रतिपादनाच्या जागी निव्वळ चिन्हांचा चिवडा दिसावा, हा अनुभव आमच्या पिढीने भरपूर घेतला. कळ दाबली म्हणजे अक्षर उमटते हा भ्रम होता. कळ फक्त क्रमांक पाठवत होती, आणि अक्षर काढणारा हात दुसऱ्याचाच होता. मिडीचेही तेच. १९९१ साली वाद्यांची १२८ नावांची एक सर्वमान्य यादी ठरली, तिच्यात सतार आहे, 'शनाई' या नावाने सनई आहे, पेटी नाही. 'रीड ऑर्गन' म्हणून पेटीची एक दूरची चुलतबहीण आहे, तिच्यावर आम्ही भागवले.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे, की कीबोर्ड संगणकाला जोडून आपण जे नोंदवतो ते लेखन आहे, आणि कोणत्याही लेखनाप्रमाणे त्याची एक लिपी आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला लिपी म्हटल्यावर जे प्रश्न सुचायला हवेत, ते सगळे इथे लागू होतात. या लिपीत काय लिहिता येते? काय येत नाही? आणि जे येत नाही, त्याला ती चूक म्हणते की काय?

वाद्य जोडल्यावर आवाज आला, पण उशिरा आला. मुलगा म्हणाला, "सर, हे माझ्या मागनं येतंय." संगणक ध्वनीचे तुकडे गोळा करून एकदम पुढे पाठवतो. तुकडा १०२४ नमुन्यांचा असेल, तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने नुसत्या त्या एका साठवणीत सुमारे २३ मिलिसेकंद जातात. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. पेटीवाल्याच्या बोटाला तो लगेच कळतो. तुकडा १२८ वर आणला तर वेळ तीन मिलिसेकंदांवर येते, पण जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो आणि ध्वनीत कटकट येते. आम्ही २५६ वर तडजोड केली. शिवाय चार्जर लावला की घूं असा आवाज येई, तो काढला की थांबे. आणि पावसाळ्यात वीज जाई तेव्हा चार्जर काढण्याचे श्रमही वाचत. असो.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. इंटरनेटवरच्या शिकवणीत सांगतात तसे मुलाने आधी मिनिटाला ८० ठोक्यांची टिकटिक लावली, तिच्यावर कॅसिओची साथ वाजवून घेतली, आणि मग आजीच्या कानाला हेडफोन लावून तिला गायला सांगितले. आजींनी दोन ओव्या म्हटल्या, तिसरीच्या अर्ध्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "लई घाई हाय रं ह्याला," त्या म्हणाल्या. "दळू तरी दे."

घरातले जाते कित्येक वर्षे फिरलेले नाही; दळण गिरणीतून येते. पण त्या गात होत्या तेव्हा त्यांचा उजवा हात मांडीपाशी गोल फिरत होता. हे मी डोळ्यांनी पाहिले, आणि ओवीच्या छंदाविषयी वर्गात जे काही आजवर शिकवले त्याची मला थोडी लाज वाटली. जात्याचा खुंटा एका हातात, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे तोंडात टाकायचे. मूठ पडते तेव्हा फेरा जड होतो आणि ओळ तिथे किंचित थांबते. मग पुन्हा हलका होतो. ओवीच्या चरणांच्या लांबीविषयी आपण बोलतो ते कागदावरच्या अक्षरांकडे पाहून. त्या चरणांमधले थांबे दाण्यांनी घातलेले आहेत.

यंत्रामुळे लोकगीताचा जीव जातो, असे म्हणणारे एक शुद्धिवादी मंडळ आपल्याकडे कायम हजर असते. मला त्यात सामील व्हायचे नाही. जाते हेही यंत्रच आहे. ओवीला यंत्राची लय नको होती असे नव्हे. ती जन्मली तीच दगडाच्या फिरण्यातून. फरक आहे तो हे यंत्र फिरवतो कोण याचा. जाते बाईच्या दमाने चालते, ती दमली की ते दमते. ८० ठोक्यांची टिकटिक कोणासाठी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. टिकटिक बंद. आजींचा आवाज एकटा, मायक्रोफोनवर, हव्या तितक्या सावकाश. कौलांवर पाऊस पडत होता, तोही मुद्रित झाला. मग मुलाने तो आवाज ऐकत ऐकत साथ वाजवली. भजनात तो बुवांच्या मागे जातो तसाच आजीच्या मागे गेला. साथ उत्तम झाली होती. पण घरी बसून त्याने रात्री तिच्यावर 'क्वांटाइझ' चालवले.

हा शब्द ज्यांना नवा असेल त्यांच्यासाठी: सॉफ्टवेअरच्या पडद्यावर काळाच्या उभ्या रेघा आखलेल्या असतात. वाजवलेला सूर रेघेच्या थोडा आधी किंवा नंतर पडला असेल, तर क्वांटाइझ त्याला उचलून जवळच्या रेघेवर बसवते. एक कळ दाबली की सगळे सूर रांगेत उभे. मुलाने साथ रांगेत उभी केली आणि मग ऐकले, तर साथ सरळ आणि आजी वाकडी. आता आजीचा आवाज ताणून, आखडून रेघांवर आणणे क्रमप्राप्तच होते. तेही सॉफ्टवेअर करते. वस्तुतः आदल्या दिवसापर्यंत आजीच्या गाण्यात कुठलाही दोष कोणाला दिसला नव्हता. साथ दुरुस्त झाली आणि त्या दुरुस्तीने दोष निर्माण केला. तो त्यांच्या गाण्यात होता असे पडदा कुठेही म्हणत नाही. त्याने नुसत्या रेघा आखल्या होत्या.

सुराचेही तसेच झाले. आजींचा 'सा' काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मधोमध, थोडा काळी चारकडे झुकलेला होता. पेटीवर दोन्ही कळा दाबून पाहिल्या, दोन्ही चुकीच्या. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. दोन उपाय होते. सॉफ्टवेअरमध्ये एक कळसूत्र सरकवून आजींचा आवाज काळी चारवर उतरवायचा, किंवा कॅसिओची जुळवणी बदलून तो आजींपर्यंत चढवायचा. पहिला उपाय सोपा म्हणून मुलाने तोच केला होता. दुसराही काही फार कठीण नाही. कॅसिओच्या मेनूत जुळवणीचा आकडा असतो, जगभर मानलेला ४४०. तो आम्ही ४४९ वर नेला तेव्हा साथ आजींच्या सुराला येऊन मिळाली. गंमत अशी की मिडीच्या यादीत यातले काहीच उतरत नाही. कळ तीच, क्रमांक तोच. ही यादी उद्या दुसऱ्या संगणकावर उघडली, तर साथ निमूटपणे ४४० वर जाऊन बसेल आणि आजी पुन्हा बेसूर ठरतील.

सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या कळांत आपले सूर बसतात की नाही, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्या मापनाला अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचे साहाय्य होते. ई. क्लेमेंट्स या ब्रिटिश न्यायाधीशांसह त्यांनी श्रुतींची पेटी पुरस्कारली, आणि १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली. भातखंडे यांना ती मान्य नव्हती. पुढे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदीच घातली, ती सत्तरच्या दशकाच्या आरंभी सैल झाली. मला या प्रकरणात देवलांविषयी सर्वांत जास्त ममत्व वाटते. त्यांचा क्रम बरोबर होता. आधी गळा, मग कळ. ते फसले असतील तर एवढ्यातच, की गळ्यातले बावीस बिंदू एकदा मोजले की ते जागचे हलणार नाहीत असे त्यांनी धरले. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष मैफलीतल्या कलावंतांचे सूर मोजले, तेव्हा एकाच कलावंताचा एकाच रागातला गंधारही वेगवेगळ्या जागी पडतो असे आढळले. बारा कळांच्या जागी बावीस केल्या तरी लिपी ती लिपीच.

आता त्या मुलाला हसण्याआधी आपण आपल्याकडे पाहिलेले बरे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे आयुष्यभर हेच काम केले. त्यांचे ऋण आहेच. पण ओवी छापताना आपण काय काय गाळत आलो? गाताना अर्धी ओळ दोनदा येते, ती एकदा छापली. मध्ये येणारे 'गं बाई', 'सांगते', नुसता हुंकार, हे भरीचे म्हणून काढले. दोन बायका आळीपाळीने गात असतील तर एकीचे नाव दिले, बहुधा तेही नाही. चरण मोजून ओळी पाडल्या. हे सगळे क्वांटाइझच होते. फक्त ते खिळ्यांनी केले आणि त्याला संपादन म्हटले. आज पाठ्यपुस्तकातली ओवी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला गळलेले परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण मूळ ध्वनी कोणी ठेवलाच नाही. त्या काळी ठेवणे शक्य नव्हते हेही खरे. आज आहे.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका इथे उपयोगी पडतो. पुण्यात गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले आणि शब्दांच्या जोडीला शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून हे भांडार 'पारी'ने लोकांपुढे ठेवायला सुरुवात केली. हेच बेल ऐंशीच्या दशकात जेम्स किपन यांच्याबरोबर लखनौच्या तबल्याचे कायदे संगणकाच्या भाषेत मांडत होते, आणि त्यांचे ते सॉफ्टवेअर पुढे मिडीशी बोलू लागले. म्हणजे मिडी काय लिहू शकते हे आतून जाणणारा माणूस जात्यावरच्या बायकांपुढे गेला तेव्हा कळफलक घेऊन गेला नाही, मायक्रोफोन घेऊन गेला. मला हे फार बोलके वाटते.

याचा अर्थ मुलाने साथ करू नये असा मी काढत नाही. गाणे बदलतच आले आहे, आणि नातवाने आजीच्या ओवीला आपल्या काळाची साथ द्यावी यात वावगे काय? त्याला तो हक्क आमच्यासारख्या बाहेरच्यांपेक्षा जास्त आहे. माझा आग्रह क्रमाचा आहे आणि जपणुकीचा आहे. गळा पहिला मुद्रित व्हावा, एकटा, टिकटिकीविना. आणि ती फाईल, कोणतीही दुरुस्ती न केलेली, वेगळी राहावी. सीडीच्या प्रतीची एक मिनिटाची फाईल साधारण दहा मेगाबाइट होते, आजच्या काळात ही काही जागा नव्हे. साथीची मिडी यादी तर चार-दोन किलोबाइटची. तिच्यावर वाटेल ते प्रयोग करावेत. ती लिहिलेली आहे, खोडून पुन्हा लिहिता येते. गळ्याला ती सोय नाही.

आणि आपल्या विद्यापीठांतून लोकसाहित्याचे प्रकल्प घेतले जातात, त्यांत अजूनही बांधलेली टंकलिखित प्रत तेवढी मागतात, हे थांबले पाहिजे. ज्या मौखिक वाङ्मयाच्या मौखिकतेवर आपण पहिले प्रकरण लिहायला लावतो, त्याचा एकही श्वास परीक्षकाच्या कानावर पडत नाही. ध्वनिफाईल जोडलेली नसेल तर प्रकल्प अपुरा मानावा, एवढी साधी अट कोणत्याही अभ्यास मंडळाला घालता येईल. फाईलबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव, तिची संमती, आणि दुरुस्ती केली असेल तर कोणती, हेही. हे लिहिताना अर्थातच वाडीचे नाव मनात होते. हिरकणीची गोष्ट आपण तिच्या तोंडून कधीच ऐकली नाही. कोजागरीच्या रात्री कडा उतरून गेलेल्या त्या गवळणीविषयी शाहीर बोलले, पाठ्यपुस्तके बोलली, २०१९ साली चित्रपट बोलला, एसटीने गाडीला आणि बसस्थानकांवरच्या कक्षांना तिचे नाव दिले. बाळासाठी ती कोणती ओवी म्हणत असेल याची कोणाला चौकशी करावीशी वाटली नाही, आणि आता करून उपयोग नाही.

मुलाने शेवटी दोन फाईली ठेवल्या. एक पावसासकट आजीची. दुसरी साथीची, रेघांवर न बसवलेली, ४४९ वर जुळवलेली. प्रकल्पाच्या बांधीव प्रतीच्या मागच्या पुठ्ठ्याला त्याने पेन ड्राइव्हसाठी एक पाकीट चिकटवले. ते परीक्षकांनी उघडले की नाही मला ठाऊक नाही.

त्या आठवड्यातच एकादशीला देवळात भजन होते. त्या कॅसिओला बंद केल्यावरही जुळवणी आठवते, आणि मुलगा ती परत ४४० वर आणायला विसरला. पहिल्याच गजराला पेटी एकीकडे आणि कॅसिओ दुसरीकडे. बुवांनी टाळ खाली ठेवले आणि विचारले, "कोनाचा सूर घेऊन आलायस रं?"

"आजीचा," तो म्हणाला, आणि मेनू शोधू लागला.